जुनी गाडी, डोंगरवाट आणि कुटुंबाचा मुक्काम

कल्याण पूर्वेच्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, मलंगगडाची रांग स्पष्ट दिसते. विठ्ठलवाडीच्या मुलांना ती लहानपणापासून परिचित असते. पण अनेकांचा तिच्याशी संबंध केवळ पाहण्यापुरताच उरतो. कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मध्ये वसलेल्या या वस्तीचा आठवडा लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. दुकान असणाऱ्यांचा तर रविवारही अर्धा जातो. मुरबाड, माळशेज, जुन्नर ही नावे विठ्ठलवाडी आगारातून सुटणाऱ्या एस. टी.च्या पाट्यांवर वाचायची आणि पुढे जायचे, असाच क्रम वर्षानुवर्षे चालतो.

अशा घरात कधीतरी एक विचार मूळ धरतो. एखादी जुनी, उंच, दणकट गाडी घ्यावी. तिच्यात तंबू, पाणी आणि शिधा ठेवावा. मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन दोन दिवस डोंगराच्या पायथ्याशी राहून यावे. नवी चारचाकी-चालनाची गाडी बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र हे स्वप्न परवडण्यासारखे भासते. ते खरोखरच परवडू शकते. पण त्यासाठी खर्चाचा क्रम योग्य असावा लागतो. दिसणाऱ्या वस्तूंवर आधी पैसा गेला, तर न दिसणाऱ्या वस्तूंसाठी तो उरत नाही. डोंगरवाटेवर कुटुंबाचे रक्षण करणाऱ्या जवळजवळ सर्व वस्तू न दिसणाऱ्याच असतात.

कोणती गाडी?

महाराष्ट्राला दणकट गाड्यांची मोठी परंपरा आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९९४ मध्ये आलेल्या टाटांच्या सुमो गाडीचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले. पुढे १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. यांतील बोलेरो आणि स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यात तयार होत आल्या आहेत. तालुक्याच्या गावी वडाप वाहतुकीपासून सरकारी कामापर्यंत याच गाड्या वर्षानुवर्षे धावल्या.

या इतिहासाचा खरेदीशी थेट संबंध आहे. मुरबाड, टोकावडे किंवा जुन्नर येथील साध्या गॅरेजमधील मेस्त्री ज्या गाडीचे इंजिन डोळे मिटून उघडू शकतो, ती गाडी कुटुंबाच्या मुक्कामासाठी योग्य होय. परदेशी बनावटीची, अधिक सुखसोयींची जुनी गाडी त्याच किमतीत मिळू शकते. पण तिचा एखादा सेन्सर घाटात बिघडला, तर सुटा भाग शहरातून येईपर्यंत सारे कुटुंब रस्त्याकडेला बसून राहील.

चारही चाकांना चालना देणारी गाडी मिळाली तर उत्तमच. पण ती अनिवार्य मानू नये. शेताच्या बांधापर्यंतची कच्ची वाट, खडीचा चढ, धरणाकाठचा कोरडा मुरूम एवढ्यासाठी पुरेशी उंची, चांगले टायर आणि शांत चालक असला की मागील दोन चाकांच्या चालनावर काम भागते. चारचाकी-चालनाची जुनी गाडी घेतलीच, तर तिचा छोटा लिव्हर खरोखर काम करतो की नाही हे मातीच्या मैदानावर चालवून पाहावे. वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे ही यंत्रणा जाम झालेली आढळते आणि तिची दुरुस्ती महाग पडते.

वयाचाही विचार हवा. आपल्या देशात नव्या मोटारींना एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. दोन गाड्यांमध्ये निवड करताना त्यानंतरची गाडी थोडी महाग असली, तरी ते अधिकचे पैसे सार्थकी लागतात.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणे

उल्हास नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. २६ जुलै २००५ चा पूर या परिसराच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली, तीही आठवण ताजी आहे. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर चढवून पुन्हा विक्रीला येऊ शकतात. बाहेरून त्या लखलखीत दिसतात. आतील विजेच्या तारा मात्र हळूहळू गंजत असतात आणि एखाद्या रात्री निर्जन ठिकाणी दगा देतात.

ही परीक्षा घरच्या माणसालाही करता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. त्याच्या टोकाशी मातीचा डाग असेल तर तो बोलका पुरावा होय. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खोलगट भाग आणि पायपुसण्याखालचा पत्रा हाताने चाचपावा. काचा बंद करून काही मिनिटे आत बसावे. कुबट वास किंवा तो झाकण्यासाठी मारलेला उग्र सुगंध, दोन्ही सावध करणारेच.

त्यानंतर विश्वासातील मेस्त्रीला सोबत न्यावे आणि गाडी पूर्ण थंड असताना सुरू करवून घ्यावी. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडल्यावर धुराचे लोट येत असतील, तर इंजिन थकले आहे असे समजावे. गाडी रॅम्पवर चढवून चॅसी नीट पाहावी. पृष्ठभागावरचा थोडा तांबूस गंज क्षम्य आहे. जोडकाम केल्याची खूण, वाकलेला भाग किंवा नव्याने फासलेला जाड काळा रंग मात्र क्षम्य नाही.

कागदपत्रांची शुद्धता

गाडीइतकेच कागद तपासणे महत्त्वाचे. कल्याणच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक एमएच-०५ आणि ठाण्याचा एमएच-०४. परिवहन विभागाच्या अधिकृत अॅपवर नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, कर्जाचा बोजा आणि थकीत दंड घरबसल्या पाहता येतात. चॅसी आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक आरसीशी स्वतः जुळवून पाहावेत.

मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. गाडीवर कर्ज असल्यास बँकेच्या ना-हरकत पत्रासह नमुना ३५ लागतो. मोटार वाहन कायद्यानुसार त्याच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. विम्याची पॉलिसीही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. ‘नंतर करू’ म्हणून राहिलेली ही कामे अपघाताच्या दिवशी संपूर्ण कुटुंबाला महाग पडतात. परराज्यातून आलेली गाडी स्वस्त भासते. पण तिला मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवी नोंदणी यांचा खर्च जोडून मगच तिची किंमत ठरवावी.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. चौदा वर्षांची गाडी कमी किमतीत मिळाली, तर पुढील वर्षीचा हा खर्च आजच धरावा.

सजावट नव्हे, सज्जता

जाड लोखंडी बंपर, कमानीबाहेर आलेले टायर, उंच केलेली गाडी, टपावर झगमगत्या दिव्यांची रांग ही चित्रे मोहक असतात; परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मान्य होणार नाही, हे स्पष्ट केले. पुढे बसविल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. असा गार्ड धडकेचा आघात थेट चॅसीवर नेतो, एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो आणि समोरच्या पादचाऱ्याला अधिक गंभीर इजा करतो.

म्हणून सज्जतेचा खर्च वेगळ्या क्रमाने व्हावा. समजा, घराने एकूण पाच लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. तर गाडी चार लाखांचीच पाहावी आणि उरलेला एक लाख दुरुस्तीसाठी राखावा. त्यातील पहिला वाटा टायरांचा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो. चार चाके आणि स्टेपनी, असे पाचही टायर एकाच मापाचे आणि कंपनीने नेमून दिलेल्या मापाचेच घ्यावेत.

दुसरा वाटा ब्रेकचा. पॅड, लायनर, रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल नवे करावे. माळशेजच्या उतारावर जुने, पाणी शोषलेले ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल पोकळ लागते. तिसरा वाटा शॉकअप, पाटे आणि बुश यांचा. चौथा रेडिएटर, होस पाइप, पट्टे आणि बॅटरीचा. हे सर्व झाल्यावर गाडी पूर्वीसारखीच दिसते. शेजाऱ्यांना काही बदलले आहे असे वाटत नाही. पण चालविणाऱ्याला पहिल्याच वळणावर फरक जाणवतो.

आसनांचा प्रश्न तर मुलांच्या जिवाचा आहे. काही जुन्या सात-आसनी गाड्यांत मागची बाके आडवी, समोरासमोर असतात आणि त्यांना पट्टे नसतात. मुलांना तेथे खेळत बसण्याची भारी हौस असते. परंतु चालत्या गाडीत कोणीही तेथे बसू नये. चार-पाच माणसांच्या कुटुंबाने पट्टे असलेल्या पुढच्या दोन रांगांतच बसावे आणि मागची जागा सामानाला द्यावी.

मागच्या जागेतील छोटे घर

सामानाची व्यवस्था फार खर्चाची नाही. उल्हासनगरचा फर्निचर बाजार विठ्ठलवाडीच्या शेजारीच आहे. तेथील सुताराकडून प्लायवूडचे दोन खण बनवून घेता येतात. ते गाडीला कायमचे ठोकू नयेत, नोंदलेली आसने काढू नयेत. खण पट्ट्यांनी घट्ट बांधावेत आणि घरी आल्यावर उतरवून ठेवावेत. एका खणात स्वयंपाक, दुसऱ्यात अवजारे. जड वस्तू खाली आणि आसनाच्या पाठीला टेकून. हलकी अंथरुणे वर. टपावर ओझे शक्यतो टाळावे, कारण उंचीवरचे वजन आडव्या उतारावर गाडी कलंडण्यास कारण होते. टपावरचा तंबूही याच कारणासाठी जुन्या गाडीवर नसावा. जमिनीवर लावायचा साधा तंबू स्वस्त, हलका आणि वृद्धांना सोयीचा.

पाण्याचा हिशेब माणशी रोज पाच लिटर धरावा. चौघांना दोन दिवसांसाठी चाळीस लिटर, म्हणजेच चाळीस किलो. ते एकाच पिंपात न भरता दहा-दहा लिटरच्या चार कॅनमध्ये भरावे. एक फुटला तरी तीन उरतात. घरून उकळून-गाळून नेलेले पाणी पिण्यासाठी वेगळे खूण करून ठेवावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा अनेक घरांचा नियम मुक्कामातही फार उपयोगी पडतो. उजेडातच चूल विझते, भांडी घासून होतात, उष्ट्या अन्नाच्या वासाने रात्री जनावरे येत नाहीत आणि दिव्याभोवती कीटकांची हिंसा टळते. त्यासाठी मुक्कामाच्या जागी दुपारी तीनपर्यंत पोहोचावे लागते. हा एक नियम पाळला की अंधारात वाट शोधण्याचा धोका आपोआप संपतो. खाखरे, ठेपले, दशम्या, भाजलेले चणे आणि मुगाची खिचडी एवढ्यावर दोन दिवस आनंदाने निघतात.

पाच किलोचा लहान सिलिंडर उभा आणि बांधून न्यावा. शेगडी नेहमी गाडीबाहेर आणि तंबूबाहेर, मोकळ्या हवेत पेटवावी. येथे एका अदृश्य शत्रूचे नाव घेतलेच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे किंवा थंडीसाठी तंबूत शेगडी ठेवणे, या दोन्ही गोष्टींनी झोपेतच मृत्यू येऊ शकतो. गाडीत झोपायचे असेल तर इंजिन बंद, दोन बाजूंच्या काचा थोड्या उघड्या आणि त्यांवर मच्छरदाणीचे कापड, एवढे पुरे.

दिव्यांसाठी गाडीच्या तारा कापून नवी जोडणी करू नये. जुन्या गाड्यांना आग लागण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते. चार्ज होणारे दोन कंदील आणि प्रत्येकाला एक विजेरी द्यावी.

अवजारांच्या खणात जॅक, त्याखाली ठेवायची फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी, फावडे, हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे साहित्य, टोचनाचा मजबूत पट्टा, फ्यूज, रेडिएटरसाठी पाणी आणि अग्निशामक असावा. टोचन करताना पट्टा कंपनीने दिलेल्या हुकालाच बांधावा, बंपरला कधीही नाही. ताणलेला पट्टा तुटला तर तो प्राणघातक ठरतो. म्हणून त्या वेळी मुलांना दूर, बाजूला उभे करावे.

कुठे जावे, कुठे थांबावे

पहिली रात्र दूर काढू नये. सोसायटीच्या आवारात तंबू लावून एक संध्याकाळ घालवली, तरी काय विसरले ते कळते. दुसरा मुक्काम मुरबाड तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात करावा. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणल्यापासून पाहुण्यांना जागा, पाणी आणि शौचालय देणाऱ्या शेतकऱ्यांना शासनाचा आधार मिळाला आहे. त्यानंतर माळशेज. कल्याण-मुरबाड-टोकावडे असा राष्ट्रीय महामार्ग ६१ धरला की सुमारे ८५ किलोमीटरवर घाटमाथा येतो. पलीकडे पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर आहे. घाटात एमटीडीसीचे निवासस्थान असल्याने आजी-आजोबांना छताखाली ठेवून इतरांनी जवळच तंबूत राहणेही शक्य होते.

काळ निवडावा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात, घाटापलीकडची काळी माती चाकांना चिकटून गाडी जागीच बसवते आणि ओल्या जमिनीवर पावलापावलाला जीव असतात. चातुर्मासात प्रवास आवरता घेण्याच्या आपल्या परंपरेत जो विवेक आहे, तो येथे यंत्रालाही लागू पडतो. या चार महिन्यांत गाडीची कामे करून घ्यावीत.

वाट असेल तेथेच गाडी न्यावी. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत तर नियम अधिकच कडक. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर मातीचा थर बोटभरही नसतो. त्यावर उमलणाऱ्या वनस्पती टायरच्या एका फेऱ्याने उखडल्या जातात. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोहही आवरावा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून सागरी कासवांची घरटी जपली. वाळूखालची ती अंडी वरून दिसत नाहीत. चाकाखाली काय चिरडले गेले, हे चालविणाऱ्याला कळतही नाही.

अनोळखी वाटेवर आधी पायी चालून पाहावे, मगच चाक पुढे घालावे. मऊ मातीत हवा वीस-बावीस पीएसआयपर्यंत उतरवता येते, पण डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावीच. उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे. वाहते पाणी रस्त्यावरून जात असेल तर ते कितीही उथळ दिसो, परत फिरावे. कोरडे नदीपात्र आणि धरणाखालचा काठ मुक्कामासाठी निषिद्ध मानावा, कारण वरून सोडलेले पाणी रात्री सूचना न देता येऊ शकते. निघण्यापूर्वी जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे ते पाहून ठेवावे. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, बांधणे, चोखणे यांत वेळ न घालवता, रुग्णाला न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येणे शक्य नसेल तर गाडीनेच रुग्णालय गाठावे.

परत फिरण्याचे धैर्य

या सर्व तयारीची खरी परीक्षा एकाच क्षणी होते. दुपार कलत आलेली असते, मुले उत्साहात असतात, पुढे दोनशे मीटरवर सुंदर माळ दिसत असतो आणि मधली वाट मात्र संशयास्पद असते. अशा वेळी गाडीवर पैसा खर्च केला आहे म्हणून पुढे जाण्याचा आग्रह होतो. वास्तविक त्या खर्चाने कुटुंबाला सुरक्षितपणे मागे फिरण्याची सोय करून दिलेली असते. घराने निघण्यापूर्वीच ठरवावे, की चालक, त्याच्या शेजारी बसलेली व्यक्ती किंवा मागे बसलेली आजी, यांपैकी एकानेही ‘नको’ म्हटले की गाडी वळेल; त्यावर चर्चा होणार नाही.

मग मुक्काम त्या माळावर न होता रस्त्यालगतच्या एखाद्या ओळखीच्या शेतात होईल. मुलांना तेथेही तेच तारे दिसतील, जे विठ्ठलवाडीच्या दिव्यांत दिसत नाहीत. रविवारी सायंकाळी गाडी पुणे लिंक रोडला लागेल, चिखलाने माखलेली आणि कोणतीही शोभा नसलेली. सर्वजण घरी उतरतील, खण रिकामे होतील, कॅन धुऊन उलटे ठेवले जातील. आणि पुढच्या वेळी गच्चीवरून मलंगगड दिसेल, तेव्हा घरातील लहान मूल विचारील, की त्याच्या पायथ्याशी कधी जायचे.